सोल्वेगचा नियम

नॉर्डली, मोंटाना
९ एप्रिल

सोली,

आईच्या अंत्यविधीला आलीस, शेवटच्या बाकावर बसलीस आणि चर्चच्या तळघरात जेवण मांडायच्या आत निघून गेलीस. बायकांनी तुझ्यासाठी ताट झाकून ठेवलं होतं. मी सांगितलं, तिला गाडी गाठायची होती. गाडी दुपारची, आणि ती रोज उशिरा येते हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कुणी काही बोललं नाही. या गावाला न बोलण्याची कला चांगली अवगत आहे, आणि तुझ्या बापाला सगळ्यांत जास्त.

तू बाकाच्या उजव्या टोकाला बसलीस, म्हणजे सगळे तुझ्या डाव्या हाताला. मी ते पाहिलं. अकरा वर्षांत तू एका डोळ्यानं जगायच्या युक्त्या शिकलीस आणि त्यातली एकही मला माहीत नाही, असं वाटून मला पुढचं प्रवचन ऐकूच आलं नाही.

आईच्या पाककृतींची पेटी वेगळ्या पार्सलनं पाठवतो आहे. लेफ्सेचं लाटणंही त्यात आहे. मला बटाट्याच्या पोळ्या लाटता येत नाहीत आणि येतील असं वाटतही नाही.

मी अजून तळघरात बसून काडतुसं भरतो. डोळे ठीक आहेत, हात थोडा थरथरतो, पण तराजूचा काटा थरथरत नाही तोवर चाललंय. नेमबाजीच्या क्लबमध्ये आता शनिवारी पोरं मर्लकडे शिकायला येतात. तू गेलीस त्याच वर्षी मर्लनं भिंतीवर फळा लावला, तो तू पाहिलेला नाहीस. त्यावर लिहिलंय: 'सोल्वेगचा नियम. खोक्यावरची चिठ्ठी मोठ्यानं वाचा, मगच काडतूस भरा.' पोरं तो एका सुरात म्हणतात. मग मर्ल त्यांना सांगतो, की सोल्वेग टॉरस्टाड या भागातली सगळ्यांत चांगली नेमबाज होती, आणि एक दिवस चिठ्ठी न वाचता तिनं बापाचा खोका उचलला.

हे तुला आज का सांगतोय, कळत नाही. आई होती तोवर तुला पत्रं तीच लिहायची आणि खाली माझंही नाव घालायची. आता माझं मलाच लिहिणं भाग आहे.

उत्तर लिही. दोन ओळी चालतील.

बाबा


२ मे

सोली,

पार्सल पोचल्याची पावती आली, तुझ्या सहीची. उत्तर नाही आलं. ठीक आहे.

पेरणी चालू आहे. शेत आता शेजाऱ्यांना कसायला दिलंय, तरी मी रोज बांधावर जाऊन उभा राहतो आणि त्यांचं काय चुकतंय ते मनातल्या मनात सांगतो.

त्या वर्षाबद्दल थोडं लिहायचं आहे. एप्रिलमध्ये तू रायफलीला नवी नळी बसवून आणलीस आणि म्हणालीस, "बाबा, जुलैच्या स्पर्धेसाठी हिची काडतुसं तुम्हीच करून द्या. माझ्यापेक्षा तुमचा हात चांगला आहे." मी म्हणालो, "होऊन जाईल." दुकानातली काडतुसं सगळ्यांच्या रायफलीत चालावीत अशी केलेली असतात, म्हणून कुणाच्याच रायफलीला ती नेमकी बसत नाहीत, हे मी तुला नवव्या वर्षी शिकवलं. नव्या नळीला काय आवडतं ते शोधावं लागतं. दारू थोडी थोडी वाढवायची, गोळी किती खोल बसवायची ते ठरवायचं, पाच पाच झाडून कागदावरची भोकं मोजायची, वहीत मांडायचं. तीन आठवड्यांचं काम. तू मे महिन्यात विचारलंस. मी म्हणालो, "चाललंय." जूनमध्ये विचारलंस. "आटपत आलंय."

सोली, मी सुरूच केलं नव्हतं. त्या वर्षी माझी स्वतःची राज्य स्पर्धा होती, बहुधा शेवटची, आणि मी संपूर्ण वसंत माझ्या जुन्या रायफलीत घातला. तू विचारलंस की मला राग यायचा. कामचोर माणसाला येतो तसा.

आज एवढंच. पुढचं लिहायला जीभ रेटत नाही. हातानं लिहिताना असं म्हणायचं नसतं, पण तसंच वाटतंय.

बाबा


३० मे

सोली,

तू वाचते आहेस की नाही मला माहीत नाही. पत्रं परत येत नाहीत, याचा मी मला सोयीचा अर्थ लावतो.

आता सरळ सांगतो. स्पर्धेच्या तीन दिवस आधी तुझा फोन आला. "बाबा, उद्या खोका घ्यायला येते." मी तळघरात गेलो. माझ्या जुन्या रायफलीसाठी भरलेली साठ काडतुसं फळीवर होती. ती मी दुसऱ्या खोक्यात घातली आणि वर चिठ्ठी चिकटवली: 'सोल्वेग, नवी नळी'. खाली तारीख घातली, सही केली. वहीत चाचण्यांचं एक पानही बनवलं, आकडे सगळे मनातले.

माझ्या रायफलीनं हजारो गोळ्या पाहिल्या होत्या. तिच्या नळीचा घसा, गोळी जिथून पिळांच्या खाचांत शिरते ती जागा, झिजून मोकळा झाला होता. म्हणून मी गोळी बरीच बाहेर ठेवायचो आणि दारू दर वर्षी थोडी चढवत नेली होती. तिला ते पचायचं. तुझी नळी कोरी होती, घसा घट्ट. त्यात ती गोळी आधीच पिळांत रुतून बसणार आणि मागचा दाब कुठं जाणार, हे मला ठाऊक होतं. माहीत नव्हतं असं मी कधीच म्हणणार नाही. मी स्वतःला म्हणालो, जरा जड जातील, पण जातील. साठच तर आहेत.

दुसऱ्याची काडतुसं आपल्या रायफलीत घालायची नाहीत, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. तो तू मोडला नाहीस. मी तुला तो मोडायला लावला, आणि तेही चिठ्ठी लावून.

तू चिठ्ठी वाचली होतीस, सोली. गाडीत बसण्याआधी माझ्यासमोर वाचलीस आणि म्हणालीस, "बघा, झालं ना वेळेवर. उगाच ओरडत होते मी तुमच्यावर." आणि माझ्या गालाचा मुका घेतलास.

बाबा


२१ जून

सोली,

राहिलेलं सगळं आज लिहून टाकतो.

मैदानावर मी तुझ्या शेजारी दुर्बीण घेऊन बसलो होतो. तिसऱ्या की चौथ्या काडतुसाला तू म्हणालीस, "बाबा, काडतूस आत सारताना बोल्ट घट्ट लागतोय." मी दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणालो, "नळी नवी आहे. जोर लाव जरा." तू जोर लावलास. नवव्या गोळीला काडतुसाच्या पुंगळीचं बूड फुटलं. चष्म्याच्या काठावरून पितळेचा तुकडा आत गेला.

तुला ग्रेट फॉल्सला नेलं. आई तुझ्याबरोबर रुग्णवाहिकेत बसली. मी म्हणालो, मी कपडे आणि विम्याचे कागद घेऊन मागून येतो. मैदानातून तुझी सामानाची पेटी आणि तो खोका मी उचलून आणला. कुणी विचारलं नाही. माझीच मुलगी, माझाच खोका. घरी आलो, चिठ्ठी सोलून चुलीत टाकली आणि माझी जुनी लावली: 'आयनार, जुनी रायफल'. मग बसलो आणि तुझ्या रायफलीला सोसतील अशी साठ काडतुसं भरली. एकेक दारूचा कण काट्यावर तोलून. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यांत नीट काम. त्यावर तुझी चिठ्ठी लावली आणि खोका तुझ्या सामानाच्या पेटीत ठेवला. म्हणजे लोकांच्या लेखी खोके दोन झाले, आणि तू चुकीचा उचललास.

तुझ्या डोळ्यावर शस्त्रक्रिया चालू होती तेव्हा मी हे करत होतो.

चार वाजता आई घरी आली. मी कागद घेऊन पोचलो नव्हतो म्हणून कुणाच्या तरी गाडीतून आली होती. तळघराच्या जिन्यात उभी राहिली. म्हणाली, "आयनार, पोरीचा डोळा काढतायत तिथं." मी हातातलं काडतूस खाली ठेवलं नाही. तिनं टेबलाकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं, आणि कागद घेऊन वर गेली. त्यानंतर ती कधी तळघरात उतरली नाही. लोणच्याच्या बरण्यासुद्धा मलाच आणाव्या लागायच्या. पण ती बोलली नाही, मला नाही आणि तुलाही नाही. तिला दोष देऊ नकोस. आपल्या माणसाला तुरुंगात घालावं की मुलीला खोट्यात ठेवावं, यात तिचा जीव अडकला आणि तिथंच राहिला.

पुढच्या आठवड्यात मर्लनं आणि दोघा जुन्या सभासदांनी तुझ्या पेटीतला खोका तपासला. साठच्या साठ काडतुसं खोलून दारू तोलली. केसाचाही फरक नाही. मर्ल सगळ्यांसमोर म्हणाला, "असं काम आयनारनंच करावं." मग मी ते वाक्य बोललो जे ऐकून तू गाव सोडलंस: "मी चिठ्ठी लावून दिली होती. वाचायची तिनं."

पुढच्या महिन्यात क्लबची वार्षिक सभा आहे. तिथं उभा राहून हे सगळं सांगणार आहे. मला माफी नको. तुझं नाव त्या फळ्यावरून उतरलं पाहिजे आणि माझं चढलं पाहिजे, एवढंच मला मरायच्या आत करायचं आहे.

बाबा


१४ जुलै

सोली,

सभा झाली.

डुकराचं मांस भाजलं, मक्याची कणसं झाली, खजिनदाराचं रटाळ वाचन झालं. मग मी उभा राहिलो आणि तुला लिहिलं तसंच सगळं सांगितलं. खोका, चिठ्ठी, चूल, साठ काडतुसं. काहीही गाळलं नाही. बोलून बसलो.

मर्ल उठला, माझ्याजवळ आला आणि खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं आता हा मारणार. म्हणाला, "आयनार, तुझी आर्डिस गेल्यापासून तू एकटाच आहेस त्या घरात. आमचंच चुकलं. आम्ही यायला हवं होतं."

मी म्हणालो, "मी काय सांगितलं ते ऐकलंस का?"

"ऐकलं. बापाचं काळीज आहे, अंगावर घ्यावंसं वाटतं. मलाही वाटलं असतं."

"अरे, मी खोटा खोका केला. त्याच दुपारी."

"तो खोका मी माझ्या हातानं तोललाय," मर्ल म्हणाला. "साठच्या साठ. पोरगी दवाखान्यात असताना कुणाचा हात एवढा स्थिर राहील? माणसाचा तरी नाही राहणार."

"माझा राहिला."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "बसवा रे त्यांना. पाणी द्या."

एका तरुण बाईनं पाणी आणून दिलं. तिची मुलगी शनिवारी शिकायला येते. ती म्हणाली, "तुम्ही फार चांगले बाप आहात, मिस्टर टॉरस्टाड." मी ग्लास घेतला आणि प्यालो, सोली. दुसरं काय करणार होतो?

जुन्या रायफलीचे आकडे दाखवायला घरून वही आणली. तर वहीत तुझ्या नळीच्या चाचण्यांचं पान, तारखेसकट, आकड्यांसकट. माझ्याच सुबक अक्षरात. मर्लनं त्यावर बोट ठेवलं. "हे बघ. तूच लिहिलंयस." आमच्यात माणसाच्या तोंडापेक्षा वहीवर भरवसा ठेवतात, आणि तेही त्यांना मीच शिकवलंय.

फळा तसाच आहे.

बाबा


१२ सप्टेंबर

सोली,

मर्ल मला हॅवरला डॉक्टरकडे घेऊन गेला. "नुसतं दाखवून येऊ," म्हणाला. मला वाटलं पाठीसाठी.

डॉक्टरबाईंनी मला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं. काढलं. काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर ठेवा म्हणाल्या. ठेवले. शंभरातून सात सात वजा करा म्हणाल्या. नर्स कागदावर पडताळत होती, मी तिच्या पुढे गेलो आणि तिच्यासाठी थांबलो. मग डॉक्टरबाई म्हणाल्या, "स्मृती चांगली आहे. पण दुःखात माणूस कधी कधी आठवणी नव्यानं रचतो. स्वतःला शिक्षा द्यायला." मी विचारलं, "आणि खरंच शिक्षेलायक असेल तर?" त्यांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

येताना मर्लनं ॲपल पायसारखा फळांचा पाय खायला घातला. चोकचेरीचा. तो माझ्याशी इतका हळू आणि स्पष्ट बोलत होता की मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

मी शेरीफच्या कार्यालयातही गेलो होतो. तिथल्या माणसानं सगळं ऐकून घेतलं, लिहून घेतलं आणि मग मर्लला फोन केला. अकरा वर्षांपूर्वीचं प्रकरण, पुरावा नाही, साक्षीदार एकच होती आणि तिला आम्ही मार्चमध्ये पुरलं. परवा मर्ल आणि त्याचा मुलगा येऊन माझे दारूचे डबे आणि काडतुसं भरायचं यंत्र घेऊन गेले. "थोडे दिवस आमच्याकडे राहू दे." मी अडवलं नाही. अकरा वर्षं उशिरा का होईना, कुणीतरी ते माझ्या हातून काढून घेतलं. फक्त कारण चुकीचं होतं.

मी इतकं चांगलं खोटं बोललो, की ते आता माझंही ऐकत नाही.

तू तरी वाचत असशील तर विश्वास ठेव. गावानं नाही ठेवला तरी चालेल. तू ठेव.

बाबा


फार्गो
२६ ऑक्टोबर

बाबा,

तुमची सगळी पत्रं पोचली. मी ती न फोडता ठेवली होती. मर्लकाकांचा फोन आला तेव्हा सगळी एकदम वाचली. मग पुन्हा वाचली.

तुमच्यावर अकरा वर्षं मी रागावले ते एकाच गोष्टीसाठी. चूक माझी होती, पण त्या दिवशी क्लबमध्ये तुम्ही माझ्या बाजूनं एक शब्द बोलला असतात तर मी गाव सोडलं नसतं. वाचायची तिनं, म्हणालात. खरं तेच बोललात, पण बाप म्हणून नाही बोललात. आणि आता तुम्ही माझी चूक पुसायला स्वतःला राक्षस ठरवायला निघालात. पत्रं वाचताना मी स्वयंपाकघरात खाली बसून रडले. इतकी माया तुमच्यात होती हे मला माहीत नव्हतं.

पण बाबा, मला आठवतं. दोन खोके होते. एकाला लाल पट्टी, एकाला हिरवी. मी घाईत होते, बोलत होते कुणाशी तरी, आणि हात लाल खोक्याकडे गेला. माझाच हात. आजही डोळे मिटले की दिसतो. हे मी मान्य केलं म्हणून मी जगू शकले. ते माझ्याकडून काढून घेऊ नका. मी त्याच्यासकट जगायला शिकलेय.

आणि तो फळा राहू द्या. पोरं चिठ्ठी वाचतात ना? मग माझ्याकडून काहीतरी चांगलं झालं.

थँक्सगिव्हिंगच्या सणाला मी येते. चार दिवस. लाटणं बरोबर आणते, लेफ्से करू. एकच अट: त्या दिवसाबद्दल तुम्ही एक अक्षर काढायचं नाही. पुन्हा कधीच नाही. काढलंत तर मी त्याच दिवशी परत जाईन आणि मग नाही येणार.

गुरुवारच्या आदल्या दिवशीची गाडी. चालेल का कळवा.

सोली


१ नोव्हेंबर

सोली,

खोका एकच होता.

लाल पट्टी आणि हिरवी पट्टी मी तुला सांगितली. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी. तुझे दोन्ही डोळे बांधलेले होते. तू माझा हात चाचपून धरलास आणि विचारलंस, "बाबा, काय झालं? मला काहीच आठवत नाही." मी तुझा हात हातात घेऊन सांगितलं. तू घाईत होतीस, कुणाशी तरी बोलत होतीस, तुझा हात लाल खोक्याकडे गेला. तू पुन्हा पुन्हा विचारायचीस आणि मी प्रत्येक वेळी तसंच सांगायचो, एकही शब्द न बदलता. आठवडाभर. त्या बांधलेल्या डोळ्यांत तू जे पाहिलंस ते मी दाखवलेलं आहे.

हे मी आधीच्या पत्रांत लिहिलं नाही. सगळं लिहिलं असं म्हणालो होतो, पण हे राहिलं होतं. डोळा अपघातानं गेला असं तरी म्हणता येईल. हे मी शांतपणे, तुझ्या उशाशी बसून केलं.

हे पत्र तुला पाठवलं तर तू येणार नाहीस. मी एकोणऐंशी वर्षांचा आहे. मला तू यायला हवी आहेस. घरात कुणाचा तरी आवाज हवा आहे, आणि तो तुझाच हवा आहे. मी एप्रिलपासून तुला खरं सांगायला धडपडत होतो असं मला वाटत होतं. आज कळलं की मला खरं सांगायचंही होतं आणि तू परतही हवी होतीस, आणि दोन्ही एकदम मिळणार नाही.

हा कागद मी चुलीत घालणार आहे.


२ नोव्हेंबर

सोली,

तुझं पत्र मिळालं. फार बरं वाटलं.

बुधवारची गाडी चालेल. मी हॅवरला घ्यायला येईन. उशीर झाला तरी फलाटावरच थांबेन, तू काळजी करू नकोस. वरची खोली झाडून ठेवतो. बटाटे शेजारून आणतो, तू म्हणशील तेवढे. लोणी आहे. मर्ललाही गुरुवारी जेवायला बोलावलं आहे, त्याला फार आनंद झाला.

तुझी अट मला मान्य आहे. ये.

बाबा